कोऱ्या पानांचे मालक

माझी नात कॉलेजात जाते. पुस्तक उघडलं की हातात पिवळं पेन घेते आणि ओळींवर फिरवायला लागते. परवा मी मागून डोकावलो, तर अख्खं पान हळदीला बसलेलं. विचारलं, "यातलं महत्त्वाचं कुठलं?" म्हणाली, "आजोबा, पिवळं आहे ते." मी म्हटलं, "आणि पिवळं नाही ते?" तिनं पान खालपासून वरपर्यंत पाहिलं. पानाचा नंबर तेवढा सुटलेला.

मला आमचे डोंबिवलीचे घरमालक आठवले. ते असते तर पेन खिडकीतून थेट बाहेर गेलं असतं.

मी चौथी शिकलेला माणूस. ठाण्याला एका छापखान्यात बाइंडर होतो. दुसऱ्यांनी लिहिलेली पुस्तकं तिसऱ्यांनी वाचावीत म्हणून मी शिवायचो, एवढाच माझा आणि विद्येचा संबंध. ह्या मालकांची गोष्ट खरं तर माझ्या बायकोनं सांगायची. ती चांगली सांगायची, मधे नक्कल करायची, हातवारे करायची. ती गेली त्याला आठ महिने झाले. जन्मभर ती सांगायची आणि मी ऐकायचो. आता सांगणारीच गेली, तर ऐकणाऱ्यानं काय करायचं? म्हणून लिहितो आहे. जमेल तसं.

आम्ही डोंबिवलीला राहायला आलो तेव्हा स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झालेली. स्टेशनपासून दहा मिनिटं चाललं की भातशेतं लागायची. शेताच्या कडेला मालकांची आठ खोल्यांची कौलारू चाळ, पुढं लांब ओटी, मागं विहीर. खोली बघायला गेलो तर भाड्याची बोलणी राहिली बाजूला, मालकांनी पहिला प्रश्न टाकला, "घरात शिकणारं कोण?"

मी बायकोकडं बोट केलं. "ही. मॅट्रिक झालीये. आता कॉलेजची पहिली परीक्षा देते, घरी बसून. बायकांना देता येते तशी, मराठीतून."

"नापास किती वेळा?"

मला राग आला. खोली बघायला आलेल्या माणसाला हे काय विचारणं झालं? पण ही शांतपणे म्हणाली, "एकदा."

"मग तीन नंबरची खोली घ्या," मालक म्हणाले. "एकदाही न पडलेल्या माणसाला मी काय सांगणार?"

साठीचे, उंच, काटकुळे. कमरेला पंचा, वर उघडे. लोक जानव्याला किल्ली बांधतात, ह्यांनी पेन्सिलीचा तुकडा बांधलेला. दोरा आखूड होता, त्यामुळं काही लिहायचं झालं की मान वाकवून पार पानाला टेकायचे. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, माणूस पुस्तकाचा वास घेतोय. मी एकदा म्हटलं, "मालक, दोरा लांब करून देतो." तर म्हणाले, "नको. लिहायला त्रास पडला पाहिजे. त्रास नसला की माणूस काहीही लिहितो."

रेल्वेच्या कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले. कॉलेजच्या इंटरच्या परीक्षेला चार वेळा बसले आणि चारही वेळा आपटले, हे आम्हाला दुसऱ्या कुणी सांगितलं नाही, त्यांनीच सांगितलं, तेही ओटीवर सगळ्या चाळीसमोर. "कसं वाचू नये याचा माझ्याएवढा अभ्यास ह्या कल्याण तालुक्यात कुणाचा नाही," असं म्हणायचे. आम्ही समजून गेलो की पाचव्या खेपेला पास झाले असणार. कुणी विचारलं नाही.

नवं पुस्तक हातात आलं की उघडायचे नाहीत. मांडीवर ठेवून वरून टपटप थोपटायचे. "हं, काय सांगणार आहेस तू?" मग नुसत्या नावावरून आत काय असेल ते एका कागदावर लिहून काढायचे. त्यानंतर शेवटचं पान. धड्यांमागचे सगळे प्रश्न आधी वाचायचे आणि मग कुठं पहिलं पान. "प्रश्न माहीत नसताना उत्तर वाचायचं म्हणजे कुणाकडं जायचं ते न ठरवता तिकीट काढायचं." पेन्सिलीनं खुणा पहिल्या वाचनाला अजिबात करायच्या नाहीत. पहिल्या वाचनाला सगळंच महत्त्वाचं वाटतं, म्हणायचे, नव्या नवरीला सासरचं सगळंच चांगलं वाटतं तसं. दुसऱ्या वाचनाला समासात भांडण सुरू. 'कशावरून?' 'हे आधी का नाही सांगितलंस?' 'खोटं.' एकदा दुपारी त्यांच्या खोलीतून आरडाओरड ऐकू आली, "नालायका, मागच्या पानावर उलट बोललास तू." आम्ही चार बिऱ्हाडं धावलो. आत मालक एकटेच, आणि समोर व्यापारावरचं एक जाडं पुस्तक.

आता आमच्या हिचं सांगतो. माहेर कल्याणचं, बाप रेल्वेच्या शेडमध्ये फिटर. आमच्यात मुलगी मॅट्रिक होणं म्हणजे लोक गाव ओलांडून बघायला यायचे. पण हिची अभ्यासाची रीत एकच. पहाटे उठायचं, मांडी घालायची, पुढं-मागं झुलायचं आणि मोठ्यानं घोकायचं. अख्खं पुस्तक तोंडपाठ. पहिल्या वर्षी परीक्षेत प्रश्न जरा वाकडा करून विचारला आणि हिची लेखणी थांबली. कुठल्या पानावरचं म्हणायचं तेच कळेना. पडली.

माझी आई ठाण्याजवळ बाळकुमला एकटी. घर, दोन तुकडे शेत. आईनं चार नातेवाईक बसवून सांगितलं, "एकदा बसली, पडली. आता आनखी एकदा. त्यातबी पडली त दोगांनी बाळकुमाला याचं. मना एकटीला नाय जमत आता." मी मान हलवली. हिनंही हलवली. बाळकुमला जायचं म्हणजे शेत, गुरं, पाहुणे, आणि पुस्तक कायमचं फडताळात. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं. एक खेप उरली होती.

म्हणून चाळीत आल्या दिवसापासून हिनं घोकायचा जोर दुप्पट केला. तिसऱ्या दिवशी मालक दारात येऊन उभे राहिले. "कुणाचं तेरावं आहे?" हिचं झुलणं थांबलं. मालकांनी तिचं अर्थशास्त्राचं पुस्तक उचललं, चाळलं आणि मला म्हणाले, "बाइंडर, ह्याला समास बघ केवढासा. ह्यात माणसानं बोलायचं कुठं? उसव हे. दर पानाआड एक कोरं पान घाल आणि परत शीव."

"मालक, नवं पुस्तक आहे. सासऱ्यांनी घेऊन दिलंय."

"नवं आहे म्हणूनच मुकं आहे."

मी छापखान्यात नेलं. फोरमननं उरलेसुरले कागद दिले, काही गुलाबी, काही निळसर. जेवणाच्या सुट्टीत टाके कापले, फर्मे सुटे केले. फर्मा म्हणजे एका कागदाच्या घड्या घालून झालेली सोळा पानं. असे फर्मे एकावर एक रचून शिवले की पुस्तक होतं. मी दर पानाआड कोरा कागद घातला, शिवलं, खळ लावली, दाबात ठेवलं. तीन दिवसांनी घरी आणलं तर उशीएवढं फुगलेलं. ही म्हणाली, "हे वाचायचं की ह्यावर झोपायचं?"

पण कोऱ्या पानांवर लिहायला हिचा हात होईना. ती कोरी पानं उलटून टाकायची आणि छापलेली घोकत सुटायची. पंधरवडा गेला. एका सकाळी मी दाढी करत होतो. ही झुलत होती, "म्हणून वस्तूची किंमत मजूर संघटित झाल्यास वाढवून घेता येते." ओटीवरून मालक आत आले.

"परत म्हण."

हिनं म्हटलं.

"आणखी एकदा."

हिनं आणखी एकदा म्हटलं, तेवढ्याच सुरात.

"ह्याचा अर्थ काय?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तकात तर आहेच. पण वस्तूची किंमत मजूर कधीपासून वाढवून घ्यायला लागले? मजुरी वाढवून घेतील ते." मालकांनी पुस्तक ओढून घेतलं आणि पानांचे नंबर बघितले. चौसष्टाच्या पुढं एक्याऐंशी. मग शहाण्णवनंतर पासष्ट. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या हातातला वस्तरा तसाच राहिला. सहावा फर्मा मी पाचव्याच्या आधी शिवला होता. दहा वर्षांत असं माझ्या हातून कधी झालं नव्हतं. गुलाबी-निळे कागद लावायच्या नादात फर्म्यांचे नंबर बघायचेच राहून गेले. बाइंडरला याच्यापेक्षा मोठी लाज नाही.

ही माझ्यावर कडाडली, "तुम्ही पुस्तक चुकीचं शिवलंत?"

"आणि तू तीनदा वाचलंस," मालक म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळलेला की जणू लॉटरी लागली. "तीनदा. अर्धं वाक्य किमतीचं, अर्धं मजुरांचं, आणि तू सुरात म्हणत राहिलीस. सोळा पानं जागेवरून उठून गेली, मुली, आणि तुला पत्ता नाही. अरे बाइंडर, काय काम केलंस तू. मी चाळीस वर्षं शोधत होतो असं पुस्तक."

ही दोन दिवस दोघांशीही बोलली नाही. मी म्हटलं, आण, परत शिवून देतो. मालकांनी पुस्तक छातीशी धरलं. "हात लावायचा नाही. आता हिला प्रत्येक पानाला विचारावं लागेल, तू कुठून आलंस आणि तुझ्या पुढं कोण."

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी घोकणं ऐकू आलं नाही. मी बघतो तर ही भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर पुस्तक मिटलेलं, नजर आढ्याला. मी म्हटलं, बरं नाही की काय? म्हणाली, "थांबा हो. पुढं काय असायला पाहिजे ते बघतेय." मग पुस्तक उघडलं, पाहिलं आणि खुदकन हसली. "बरोबर निघालं." तिचं ते हसू मी लग्नानंतर प्रथम पाहिलं असं म्हटलं तर खोटं नाही. त्या दिवशी पहिल्या गुलाबी पानावर तिनं पहिला प्रश्न लिहिला. महिन्याभरात निम्मी कोरी पानं भरून गेली. पेन्सिलीनं लिहायची, उत्तर सापडलं की शाईनं गिरवायची. शाईचं पान दिसलं की मलाच आनंद व्हायचा, मला वाचून काय कळणार होतं कोण जाणे.

मालकांचा छळ एवढ्यावर थांबला नाही. विहिरीवर पाणी शेंदत असली की ओटीवरून ओरडायचे, "चौथ्या प्रकरणात तो भांडवलाबद्दल काय म्हणाला?" हिचा पोहरा अर्ध्यावर. बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. आदल्या दिवशी वाचलेलं कधी विचारायचे नाहीत, आठ दिवसांपूर्वीचं विचारायचे. "कालचं काय, कालची आमटीसुद्धा आठवते." एकदा तिला आठवेना तर शेजारची बाई म्हणाली, "अगं ते गेल्या सोमवारी सांगितलंस की, यंत्र म्हणजे साठवलेले कष्ट." सगळी विहीर अर्थशास्त्र शिकत होती.

शेवटची पायरी मी. मालकांचा नियम होता, पुस्तक मिटून ते अशा माणसाला सांगायचं, ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. चाळीत तसा माणूस शोधायला त्यांना लांब जावं लागलं नाही. कामावरून आलो की मला पाटावर बसवायचे. ही समोर उभी. मालक दाराशी.

पहिल्या दिवशी हिनं सांगितलं, "एखाद्या वस्तूचे लागोपाठ सेवन केले असता तिच्या पुढील प्रत्येक नगापासून मिळणारी उपयोगिता घटत जाते."

"बाइंडर, कळलं?"

"नाही."

"का नाही?"

"ती पुस्तकासारखी बोलली."

"ऐकलंस? परत."

ही माझ्याकडं असं बघत होती की रात्रीचं जेवण मिळेल की नाही शंका यावी. "मुद्दाम करताय तुम्ही." मी म्हटलं, नाही गं, शप्पथ, नाही कळलं.

मालक उठून गेले. उन्हाळा लागलेला. दारावर ताडगोळेवाली आलेली, तिच्याकडचे डझनभर ताडगोळे घेऊन आले आणि सोलून माझ्यापुढं ठेवले. "खा. आणि तू विचार, कसा लागला."

पहिला खाल्ला. "कसा लागला?" "गोड." दुसरा. "गोड." चौथ्याला मी म्हटलं, बरा. सहाव्याला नुसती मान हलवली. आठव्याला हात जोडले. "मालक, पुरे."

मालक हिच्याकडं वळले. "तो पुरे म्हणाला. तुझ्या पुस्तकात 'पुरे' कुठं आहे?"

हिनं उरलेले ताडगोळे मोजले. मग एकदम माझ्याकडं बोट केलं. "शून्य. इथं ती शून्य होते. पहिल्याला जास्त, मग कमी, मग कमी, आणि आठव्याला शून्य. अहो, आणखी एक खा ना. एकच."

"अगं, पोट..."

"एकच हो."

मी नववा खाल्ला आणि मागच्या दारी पळालो. आतून हिचा आवाज, "उणे झाली, मालक. शून्याच्या खाली गेली." मी मागं ओकत होतो आणि आत दोघं टाळ्या पिटत होते. परत आलो तर ही गुलाबी पानावर लिहीत बसलेली. मी वाचलं. लिहिलं होतं, 'नववा ताडगोळा.' आणि खाली शाईची रेघ.

माझ्यासारख्या माणसाला कधी कुणी शिकवायच्या लायकीचा समजलंच नव्हतं. मास्तरांनी चौथीत घरी पाठवलं तेव्हा बापाला सांगितलं होतं, याचं डोकं हातात आहे. आणि आता रोज संध्याकाळी एक बाईमाणूस घाम गाळून मला जगाचा व्यवहार समजावून सांगत होतं, आणि मला कळला तरच तिला कळला असं धरत होतं. कामावरून येताना मी पावलं उचलून टाकायचो. आज काय असेल, मागणी असेल की पुरवठा? छापखान्यातले लोक विचारायचे, घरी काय तमाशा लागलाय का रे?

परीक्षेला पंधरा दिवस राहिले आणि बाळकुमहून आई आली. डोक्यावर तांदळाचं गाठोडं. दारातून बघते तर चूल थंड, मुलगा पाटावर हात जोडून बसलेला, सून पदर खोचून बोलतेय आणि दाराशी एक उघडा म्हातारा.

"कवापासून चाललंय ह्या?" आई म्हणाली. "चूल थंड आनि सून पोथी सांगतेय. पुरे झाला सोंग. पेटी भरा, आताच चला."

हिचा चेहरा पांढरा पडला. मी काही बोलणार तेवढ्यात मालक म्हणाले, "बाई, शेती आहे ना तुमची?"

"हाय. दोन जागी."

"मग बसा. आजचं प्रकरण तुमचंच आहे."

आई काय समजली कोण जाणे, पण बसली. गाठोडं मांडीवरच. मालकांनी हिला मान हलवून खुणावलं. ही आधी भिंतीकडं बघूनच सांगायला लागली. माणसं वस्ती करतात तेव्हा आधी सगळ्यात चांगली जमीन कसतात. माणसं वाढली की मग हलकी. मग चांगल्या आणि हलक्या जमिनीच्या पिकात जो फरक, तोच चांगल्या जमिनीचा खंड, म्हणजे तिचं भाडं.

"कोन बोलला असा?"

"पुस्तकात आहे, आई."

"खोटा हाय."

मी डोळे मिटले. सासूनं सुनेला खोटं पाडलं की घरात पुढं काय होतं ते मला माहीत होतं. पण ही पुढं सरकली, गुडघ्यावर बसली, पेन्सिल उचलली आणि आईला म्हणाली, "कशावरून, आई?"

आईनं तिच्याकडं पाहिलं. तिला तिच्या उभ्या जन्मात हे कुणी विचारलं नव्हतं. बापानं नाही, नवऱ्यानं नाही, मी तर नाहीच. गाठोडं खाली ठेवलं.

"आपली बेस जमीन कंची? खाडीकडली ना? ती आधी नव्हती कसली. आधी माज्या आजेसासऱ्यानं वरची कसली, खडकाळ, पोटाला पुरं नाय अशी. कया? त खाडीकडं भरतीचा पानी याचा. मानसा चार, बांध कोन घालील? मंग मानसा वाढली, तवा बांध घातला. पयली तीन वर्सं नुसता मीठ. पावसानं धुवून धुवून गोडी झाली, आनि आता खत नाय घातला तरी पिकतं. म्हंजे आधी हलकी, मंग चांगली. ह्या लिवनाऱ्यानं बांध बघितला का कदी?"

ही लिहीत होती. हात थांबत नव्हता. निळं पान भरलं, उलटलं, पुढचं गुलाबी भरायला लागलं. "मीठ धुवायला किती पाऊस लागतो, आई? आणि बांध फुटला तर? आणि बांधाला माणसं कुठली आणली?" आई सांगत होती, हातानं बांधाची उंची दाखवत होती. तिच्या तोंडावरचा रंग मी लहानपणी पाहिला होता, पेरणीच्या वेळी, तसा.

मालकांनी मधेच पुस्तक खेचून घेतलं. प्रकरणाच्या शेवटी गेले, वाचलं, परत वाचलं आणि मग मोठ्यानं, "'या सिद्धांतावर असा आक्षेप घेतला जातो की, सुपीक जमिनी प्रथम लागवडीखाली येतात हे सर्वत्र खरे नाही.' छापलंय. बाई, तुमचं म्हणणं इथं छापलंय."

"मंग ता आधी कया नाय सांगितला?" आई म्हणाली. "शेवटाला कया लपवला?"

मालक तिच्यापुढं जमिनीवर बसले. "चाळीस वर्षं मी पुस्तकांना हेच विचारतोय."

आई परत गेली नाही. परीक्षा होईपर्यंत चूल तिनं सांभाळली आणि संध्याकाळी माझ्या शेजारी पाट मांडून बसायला लागली. माझ्यापेक्षा अवघड श्रोता. मी कळलं म्हणायचो तिथं ती म्हणायची, "मना नाय पटला."

परीक्षा झाली. ही हसत बाहेर आली. म्हणाली, "वाकडे प्रश्न होते, पण मला वाकडेच आवडायला लागलेत." आई खुशीत बाळकुमला गेली. जाताना म्हणाली, पेपरात नंबर आला की पेढे घेऊन ये.

नंबर आला नाही. छापखान्यात पेपर वरपासून खालपर्यंत दहादा बघितला. मग आठवड्यानं गुणांचा कागद आला. अर्थशास्त्रात पहिल्या वर्गाचे गुण, मराठी, इतिहास उत्तम. इंग्रजीत पडली होती. एका विषयात पडलं की सगळ्यात पडलं, असा तेव्हा कायदा.

ही रडली नाही. फळीवरची भांडी खाली काढायला लागली. "शब्द दिलाय आपण आईंना." ते फुगलेलं पुस्तक तिनं पेटीच्या तळाशी घातलं आणि वर लुगडी रचली. मला ते बघवेना. मालकही चार दिवस फिरकले नाहीत. त्यांच्या खोलीचं दार लोटलेलं. मला चीड आली. एवढं नाचवलं पोरीला आणि पडल्यावर तोंड लपवता?

मी ठाण्याला उतरलो आणि माजिवड्यावरून चालत बाळकुम गाठलं. आई अंगणात सूप घेऊन बसलेली.

"पडली," मी म्हटलं.

"जमिनीच्यात?"

"नाही गं. त्यात पहिल्या वर्गाचे गुण. इंग्रजीत पडली."

आईनं सूप खाली ठेवलं. "एक वावर बुडला म्हनून कोन गाव सोडून जातं?" एवढंच म्हणाली, आणि लुगडं झटकून उठली.

डोंबिवलीला आली ती आमच्या खोलीत गेलीच नाही. सरळ मालकांचं दार ढकललं. मी मागं, ही हातात परात घेऊन बाहेर आलेली.

"मालक, माज्या सुनेला सगळा शिकवला, इंग्रजी कया नाय शिकवला?"

मालक खाटेवर बसून होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं, ह्या माणसानं हिचं इंग्रजीचं पुस्तक कधी हातात घेतलंच नव्हतं. विषय निघाला की म्हणायचे, ते पाठ करून टाक.

"मला येत नाही," मालक म्हणाले. "चार वेळा मी तिथंच पडलो. पाचव्यांदा बसलोच नाही. बाकी सगळी पुस्तकं मला घाबरली, त्याला मी घाबरलो." मान खाली घातली. "ही माझ्यामुळं पडली."

एवढा उंच माणूस, पण त्या खाटेवर लहान दिसत होता. चाळ दाराशी गोळा झालेली. कुणी हसलं नाही.

आई म्हणाली, "शब्द माजा होता. मीच मागं घेतंय. आनखी एकदा बसंल ती. तुमाला येत नाय त तुमीबी शिका. तिला जेवढा येतं तेवढा ती सांगंल, पुढचा दोगा मिलून बघा. मी ऐकाला बसंन. मना त कायच कलनार नाय, म्हंजे बरा."

हिच्या हातातली परात खाली पडली. ती वाजत वाजत ओटीच्या कडेपर्यंत गेली, पण उचलायला कुणी गेलं नाही. मी खोलीत गेलो, पेटी उलटी केली आणि ते फुगलेलं पुस्तक बाहेर काढलं. मग तिचं इंग्रजीचं पुस्तक घेऊन त्याच पावली स्टेशनवर गेलो. छापखान्यात त्या दिवशी मी फर्म्यांचे नंबर तीनदा तपासले.

चौथ्या दिवशी सकाळी दार वाजलं. मालक. अंगात धुवट सदरा, केस पाण्यानं चापून बसवलेले, काखेत स्वतःचं जुनं इंग्रजीचं पुस्तक. हा माणूस आजवर आमच्या खोलीत न विचारता शिरायचा. त्या दिवशी उंबऱ्याबाहेर उभा राहिला, चपला काढून एका बाजूला नीट लावल्या, आणि बावीस वर्षांच्या माझ्या बायकोला म्हणाला, "येऊ का, बाई?"

पुढं कल्याणच्या मुलींच्या शाळेत पोरींनी तिला तीस वर्षं हीच हाक मारली. पण पहिली हाक त्यांची.

ही गडबडली. आईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग पदर खोचला, घसा साफ केला आणि म्हणाली, "उशीर केलात. बसा."